जायकवाडीवर हंस उतरलेत म्हणे: पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

थंडी पडली की हा प्रश्न हमखास येतो. "आजोबांची बारा बोअर बंदूक घरात पडून आहे, परवानाही आहे. नाथसागरावर हंस उतरलेत म्हणे. नवख्यानं सुरुवात कशी करायची?" विचारणारा मनानं वाईट नसतो. निजामाच्या काळापासून घरात चालत आलेल्या शिकारीच्या गोष्टी त्याच्या डोक्यात असतात, दुसरं काही नाही.

तेव्हा कायद्याचं आधीच उरकून घेऊ. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात सुरुवातीला काही पक्ष्यांसाठी शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनं ते संपले. आज जंगली हंस मारायला कुठलाच परवाना मिळत नाही. बंदुकीचा परवाना वेगळा, तो शस्त्र बाळगायचा. त्यातून जायकवाडीचा जलाशय, म्हणजेच नाथसागर, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्यात शिकार केली तर ३ ते ७ वर्षांची कैद आहे, आणि परवान्याची बंदूकसुद्धा लेखी परवानगीशिवाय आत नेता येत नाही. "शेताच्या राखणीसाठी आणली होती" हे तिथं चालत नाही. बंदूक कपाटात राहू द्या.

यावर माणूस हिरमुसतो. खरं तर कारण नाही. बारा बोअरच्या छऱ्यांचा भरवसा ३५-४० मीटरपर्यंतच. एवढ्या जवळ जंगली हंस आपणहून कधी येत नाही, आणि चालत त्याच्याजवळ जाताही येत नाही. म्हणून जुन्या शिकाऱ्यांचं सगळं कसब पुढच्या गोष्टींत होतं: थवा रात्री कुठं चरतो, पहाटे कुठल्या वाटेनं परततो, वारं कुठून आहे, आणि अंधार असतानाच कुठल्या बांधाआड जाऊन बसायचं. चाप ओढणं शेवटचे दोन सेकंद. ते दोन सेकंद वजा करा, बाकी सगळं दुर्बीणवाल्याला जसंच्या तसं लागतं. हंसाच्या मागं जायचं नाही, त्याच्या वाटेवर आधी जाऊन बसायचं. एवढं ज्याला जमलं त्याला नाथसागर दिसतो. बाकीचे दुपारी बारा वाजता धरणाच्या भिंतीजवळ उभे राहून "इथं तर काहीच नाही" म्हणत परततात.

कोणता पक्षी

आपल्याकडे येणारा जंगली हंस म्हणजे पट्टकादंब. बातम्यांत त्यालाच कधी राजहंस म्हणतात. फिकट राखाडी अंग, पांढरं डोकं, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे: एक डोळ्यापासून डोळ्यापर्यंत मागून फिरलेला, दुसरा त्याच्या खाली, जरा आखूड. चोच पिवळसर नारिंगी, टोकाला काळी. पाय नारिंगी. मानेच्या दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी खाली उतरते. ती लांबूनही दिसते, आणि डोक्यावरचे पट्टे उन्हात विरले तरी ओळख पटवून देते.

हे पक्षी मंगोलिया, तिबेट, चीनचं छिंगहाई, आपलं लडाख अशा उंच प्रदेशातल्या तळ्यांकाठी अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून खाली येतात. अंगावर यंत्र बसवलेल्या एका पट्टकादंबाची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झालेली आहे. बहुतेक पक्षी मात्र विनाकारण उंच चढत नाहीत. जमीन जशी वर-खाली होते तसे तेही वर-खाली होत दऱ्यांतून वाट काढतात.

नवख्याची गफलत दोन पक्ष्यांशी होते. पहिला चक्रवाक, पण तो भगवा-तांबूस असतो, एकदा पाहिला की विषय संपला. दुसरा करकोचा, आणि तो खरा चकवतो. तोही राखाडी, त्याचेही मोठे थवे, तोही बाणाच्या टोकासारखी रांग धरून उडतो. उडताना पाय बघा. करकोच्याचे पाय शेपटीच्या मागं लांब काठीसारखे बाहेर येतात, हंसाचे येत नाहीत. शिवाय त्यांचं वेळापत्रक बरोबर उलटं. करकोचे दिवसा शेतात चरून संध्याकाळी उथळ पाण्यात मुक्कामाला येतात, हंस त्याच सुमाराला पाण्यावरून उठून शेतांकडे निघतात. तिन्हीसांजेला एक रांग पाण्याकडे येतेय आणि दुसरी जमिनीकडे जातेय असं दिसलं तर नुसत्या दिशेवरून अंदाज बांधता येतो. फार्महाऊसच्या तळ्यावरचे पांढरेशुभ्र हंस पाळीव असतात. त्यांचे फोटो टाकून "नाथसागरावर आगमन" लिहू नये, बस.

कधी

पट्टकादंब साधारण नोव्हेंबरपासून दिसू लागतात. डिसेंबर-जानेवारी हा भर, फेब्रुवारी उतरताना थवे पातळ होतात. पाहुणे बहुधा नाथषष्ठीला पैठणला येतात आणि "आता आलोच आहोत तर हंस दाखव" म्हणतात. मार्चमध्ये ते बहुतेक निघून गेलेले असतात. पाहुण्यांना संक्रांतीच्या आसपास बोलवा, हुरडाही मिळेल.

पण नुसता महिना बघून भागत नाही, धरणाची टक्केवारी बघावी लागते. मराठवाड्यात ती तशीही रोज सगळेच वाचतात. पिण्याचं पाणी, शेतीच्या पाण्याच्या पाळ्या, उद्योग, सगळं त्यावर. हंसांचंही त्यावरच. धरण काठोकाठ असेल तर पाणी थेट बाभळींच्या बुडाला टेकलेलं असतं, बसायला मोकळा काठ नसतो. मग थवे पांगतात, लहान तलावांवर, बंधाऱ्यांवर दिसतात. पाणी हळूहळू मागं सरकलं की ओला गाळ उघडा पडतो, त्यावर कोवळं गवत येतं, आणि लोक गाळपेर करतात: हरभरा, गहू, भाजीपाला. ही कोवळी हिरवळ म्हणजेच हंसाचं ताट. १०० टक्क्यांच्या बातमीवर खूश होऊन लगेच गाडी काढू नका. पाणी काठावरून उतरू द्या.

जागा

जायकवाडीचं पाणी प्रचंड पसरलंय, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात, आणि बरंचसं उथळ. "जायकवाडीला जातो" म्हणण्याला म्हणून काही अर्थ नाही. कुठल्या काठाला, ते ठरवा.

गोदावरी मावळतीकडून उगवतीकडे वाहते, म्हणजे पैठणची भिंत जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. यातच नवख्याचं निम्मं काम होतं. सकाळी पैठणच्या बाजूला, पिंपळवाडी-सोनवाडीच्या काठाला उभं राहून पश्चिमेकडे बघायचं. सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्याचा रंग रंगासारखा दिसतो. हीच जागा संध्याकाळी निरुपयोगी. समोर सूर्य आणि पाण्यावर चकाकी, सगळे पक्षी काळे ठिपके. संध्याकाळ काढायची असेल तर वरच्या टोकाला, कायगाव टोक्याच्या बाजूला जा. छत्रपती संभाजीनगर-अहिल्यानगर रस्त्यावर, प्रवरा जिथं गोदावरीला मिळते ती ही बाजू. एका दिवसात दोन्ही टोकं करायचा मोह होतो. पहिल्या खेपेला करू नका, अर्धा दिवस गाडीतच जातो.

धरणाच्या भिंतीवर विनापरवानगी जायचं नाही, तिथं फोटोही काढायचे नाहीत. अभयारण्यात कुठून प्रवेश आहे ते पैठणला वनविभागाकडे आधी विचारून घ्या. ड्रोन तर घरीच ठेवा. वरून घरघर आली की सगळा थवा उठतो, आणि रात्रभर चरून आलेल्या पक्ष्याची झोप तुमच्या पंधरा सेकंदांच्या व्हिडिओपायी मोडते.

पैठण लांब पडत असेल तर जवळच्या धरणाचा फुगवटा बघा. परभणी-हिंगोलीकडच्यांना येलदरी आणि सिद्धेश्वर, बीडकडच्यांना माजलगाव आणि मांजरा, नांदेडकरांना विष्णुपुरी. हंस प्रत्येक ठिकाणी दर वर्षी भेटेलच असं नाही, पण वाट ओळखायची पद्धत सगळीकडे तीच.

आदल्या दिवशी: माग काढणं

हा भाग बहुतेक लोक गाळतात, आणि खरी मजा इथंच आहे. आदल्या दुपारी चारच्या सुमारास काठावर पोहोचा. पाण्याकडे बघायच्या आधी जमिनीकडे बघा. हंस चरून गेलेल्या जागी विष्ठा पडलेली असते. बोटाएवढी लांब, गोल कांडी, आत गवताचे तंतू. पांढुरकी, वाळून कुरकुरीत झाली असेल तर जुनी. हिरवी, दाबली की ओलसर लागणारी असेल तर कालची रात्र. हात न लावता काडीनं बघायचं. शेजारी ओल्या गाळात तीन बोटांचा, मधे पडदा असलेला त्रिकोणी ठसा दिसेल, बदकाच्या ठशापेक्षा बराच मोठा. गव्हाची किंवा गवताची पाती वरून खुडल्यासारखी दिसली की चराईची जागा सापडली.

मग माणसांना विचारा. राखणीला बसलेला शेतकरी आणि पहाटे जाळं काढणारा मासेमार यांच्याइतकं या पक्ष्यांचं वेळापत्रक कुणालाच ठाऊक नसतं. पण विचारायची पद्धत असते. गाडीच्या काचेतून "ओ, हंस कुठंयत?" असं विचाराल तर "नाहीत" एवढंच ऐकाल. गाडी लांब लावा, चालत जा, राम राम घाला.

"राम राम मामा. रात्री पाखरं उतरतात का हो इकडं?"

"उतरत्यात ना. माझा हरभराच खाल्ला त्यांनी. तुम्ही वन खात्याचे का?"

"नाही मामा, नुसतं बघायला आलो. कुणीकडून येतात?"

"त्या बाभळीच्या अंगानं. दिवस बुडाला की. आणि तांबडं फुटायच्या आधी वापस."

तुम्हाला हवी होती ती माहिती त्या शेवटच्या उत्तरात आली. आणि त्याच्या हरभऱ्याचं ऐकूनही घ्या. आपण ज्याला सुंदर थवा म्हणतो तो त्याच्या पेरणीवर रात्रभर चरतो, आणि गाळपेर म्हणजे पाण्याच्या मर्जीवर घेतलेलं पीक, तिथं नुकसानीची दाद मागायचीही पंचाईत. पक्ष्यांवर प्रवचन द्यायची ही जागा नाही. बांधावरून चाला, पिकातून नको. निघताना भाजी विकत घ्या.

दिवस मावळताना तिथंच थांबा. पाण्यावर आधी आवाज वाढतो, नाकातून काढल्यासारखा "आंग, आंग". मग एक तुकडी उठते, पाठोपाठ दुसरी. कुठल्या झाडाच्या, खांबाच्या, डोंगराच्या रेषेवरून गेली ते ध्यानात ठेवा. पहाटे परतीची वाट बहुधा तीच असते.

पहाट

जानेवारीत सूर्य सातच्या पुढं उगवतो. तुम्ही सहाच्या आसपास जागेवर बसलेले असायला हवेत; वाटेत नव्हे, बसलेले. हेडलाईट पाण्याकडे जाणार नाही अशी गाडी लावा. कपडे मातकट, राखाडी, मळकट हिरवे. पांढरा शर्ट आणि भगवं जर्किन दोन्ही दूरवरून दिसतात. लपायला तंबू लागत नाही, बाभळीचं बेट किंवा बांध पुरे. उभं राहू नका, आडोशाला चिकटून बसा, म्हणजे तुमची आकृती आकाशावर उठून दिसत नाही.

वारं बघा. मोठे पक्षी उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. वारं तुमच्या पाठीवर असेल तर थवा तुमच्याकडे तोंड करून उतरतो. हिवाळ्यात सकाळी वारं बहुधा उगवतीकडून असतं, म्हणजे पैठणच्या काठाला सूर्य आणि वारं दोन्ही पाठीशी. जुने शिकारी याच हिशेबानं खड्डा खणत.

उतरणारा थवा पहिल्यांदा बघताना दुर्बीण लावू नका. नुसत्या डोळ्यांनी बघा. रांग मोडते, पंख कमानीसारखे ताणले जातात, पाय पुढं येतात, आणि काही पक्षी उंची झटकन कमी करायला हवेतच एका कुशीवर, कधी पार उलटे होतात. दुर्बिणीच्या गोलात यातलं काही मावत नाही. थवा बसला, पंख झटकून झाले, की मग दुर्बीण उचला.

किती जवळ

आकड्यापेक्षा पक्ष्याची मान बघा. चरणाऱ्या किंवा झोपलेल्या थव्यात एक-दोन माना कायम वर असतात, ते पहारेकरी. चार-पाच माना वर झाल्या की तुम्ही दिसलात, तिथंच थांबा. सगळ्या माना वर आणि पक्षी पाण्याच्या दिशेनं चालायला लागले की तुम्ही जास्त पुढं आलात, हळूच मागं सरका. उडाले तर त्या दिवशी तो थवा परत जवळ घेणार नाही, आणि शेजारच्या चक्रवाकांनाही उठवेल. दुर्बीण चांगली असेल तर दीडशे-दोनशे मीटरवरून डोक्यावरचे पट्टे मोजता येतात, आणखी जवळ जायची गरजच नाही.

आता थव्यात शिरा, म्हणजे नजरेनं. पट्टकादंब कुटुंबानं प्रवास करतात. दोन मोठे आणि सोबत दोन-तीन असे गट दिसतील, ते इतरांपासून हातभर अंतर राखून चरतात. त्यांतल्या काहींच्या डोक्यावर पट्टेच नाहीत असं दिसेल. माथा आणि मानेची मागची बाजू नुसती गडद, मळकट. ती त्या वर्षीची पिल्लं, हिमालय पहिल्यांदा ओलांडून आलेली. शंभर पक्ष्यांत अशी किती, हे मोजून ठेवा. त्यावरून तिकडचा उन्हाळा कसा गेला ते कळतं, आणि असे आकडे फार थोडे लोक टिपतात. गळेही तपासा. मंगोलियात काही पक्ष्यांच्या गळ्यात अक्षरं-आकडे लिहिलेले हिरवे पट्टे घातलेले आहेत, आणि असे पक्षी भारतात दिसलेले आहेत. दिसला तर फोटो आणि कोड नोंदवा, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

सामान

दुर्बीण ८x४२ किंवा १०x५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जंगलात ८ पट सोयीची, धरणावर १० पट कामाला येते. मात्र हात थरथरत असेल तर ८ च घ्या. २० पट, ३० पट लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणी हातात धरून काही दिसत नाही, पैसे वाया. कुणाकडे तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण) असेल तर त्याच्याशी मैत्री करा. सकाळी दहाच्या पुढं पाण्यावरची हवा उन्हानं थरथरू लागते, मग कितीही महाग काच असो, सगळे पक्षी वितळल्यासारखे दिसतात. तेव्हा आवरतं घ्या.

बाकी: कानटोपी, पाणी, वही, आणि एक काठी. काठी गंमत म्हणून नाही. उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला, पक्का दिसतो, आणि खाली लोण्यासारखा असतो. पुढं काठी टोचून बघितल्याशिवाय पाय टाकू नका. दुसरी धास्ती मोटारींची. काठावर पाणी उपसायच्या मोटारी असतात, पाणी मागं सरकेल तशा त्या पुढं नेतात, आणि मागं जोड दिलेल्या केबली ओल्या गाळात पडून राहतात. अंधारात त्यांच्यावर पाय देऊ नका, ओलांडायचीच वेळ आली तर बॅटरी लावून बघा. थर्माकोलच्या तराफ्यावर कुणी "चला, मधल्या बेटावर नेतो" म्हणालं तर नको म्हणा. लाईफ जॅकेट नसतं, आणि बेटावर झोपलेले पक्षी उठतात ते वेगळंच.

नोंद, आणि काही विपरीत दिसलं तर

घरी आल्यावर यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका: जागा, वेळ, आकडा. हंस नाही दिसले तरी टाका. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती १९८७ पासून चालू आहे. जवळच्या पक्षीमित्रांना विचारून एखाद्या गटात सामील व्हा. मोठा थवा मोजायला शिकायची ती उत्तम संधी. आधी दहा पक्षी मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते बघा, मग तेवढे तुकडे मोजत जा.

काठावर मेलेले पक्षी दिसले तर हात लावू नका, घरी आणू नका, कुत्र्यालाही जवळ जाऊ देऊ नका. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाई तळ्यावर बर्ड फ्लूनं हजारो पक्षी मेले, त्यांत पट्टकादंब मोठ्या संख्येनं होते. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग धरणावर तेच झालं, आणि त्याच जानेवारीत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याच्या कोंबड्याही बर्ड फ्लूनं मेल्या. काठावर बांबूंना ताणून बांधलेली बारीक जाळी दिसली, काठावर दाणे मुद्दाम पसरलेले दिसले, किंवा रात्री बार ऐकू आला, तर स्वतः जाऊन भांडू नका. जागा आणि वेळ टिपा, गाडीचा नंबर लांबून दिसला तर तोही, आणि वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.